जुन्या लाकडी पेटीचा आवाज

शाळांच्या अडगळीच्या खोलीत, ग्रामपंचायतीच्या जुन्या कपाटावर, नाही तर एखाद्या वाड्याच्या माळवदाखाली हमखास एक लाकडी पेटी सापडते. पुढे पिवळसर पडलेले कापड, खाली काचेची पट्टी, तिच्यावर मुंबई, दिल्ली, सिलोन अशी गावांची नावे, आणि दोन-चार गोल खुंट्या. रेडिओ कधीचाच मुका झालेला असतो. घरची मंडळी म्हणतात, भंगारात घाला. शाळेत तर डेडस्टॉक रजिस्टर असते. वर्षअखेरीला निर्लेखनाची यादी निघते, तुटक्या खुर्च्या आणि गंजलेल्या बादल्या यांच्या पंगतीत ही पेटीही बसते आणि किलोच्या भावाने जाते. ही पेटी म्हणजे नेमके काय, तिचा आवाज कशाने येतो, तिच्यात काय बदलावे, काय बदलू नये आणि ती सांभाळावी कशी, एवढेच मला आज सांगायचे आहे. मी भाषेचा मास्तर, विजेचा नव्हे. परंतु ह्या पेट्यांची संगत बरीच वर्षे केली आहे, आणि सोलापूरच्या दोन जुन्या कारागिरांच्या दुकानात बसून पुष्कळ प्रश्न विचारले आहेत.

आधी थोडा मागचा हिशेब. आपला धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा स्वतःचा 'डेक्कन रेडिओ' होता. हैदराबाद आणि औरंगाबाद ही त्याची केंद्रे १९५० साली आकाशवाणीकडे आली. पलीकडे पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. ह्याच पुणे केंद्रावरून १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या काळात युनेस्कोच्या साहाय्याने एक मोठा प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली १५० खेडी निवडली. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस वेळा, शेती आणि गावकीच्या प्रश्नांवर कार्यक्रम लागायचा. गावातली निवडक मंडळी सार्वजनिक रेडिओपुढे बसून तो ऐकत, मग आपसात चर्चा करीत आणि शंका केंद्राला कळवीत. कॅनडातल्या शेतकरी श्रोतृमंडळांवरून ही कल्पना घेतली होती. आपला जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्यामुळे त्यात नव्हता. तो नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. पण सार्वजनिक रेडिओ आपल्याकडच्या गावांतही पोचले, आणि त्यांच्या समोरच्या घोंगड्यांवर अख्खे गाव बसले. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून गीतरामायणाची छप्पन्न गीते एकामागून एक प्रक्षेपित झाली, ती महाराष्ट्राने ऐकली ती अशाच पेट्यांतून. रेडिओसाठी टपाल कार्यालयात दरसाल परवाना शुल्क भरावे लागे. कितीतरी पेट्यांच्या पाठीमागे ते परवान्याचे पुस्तक अजून खोचलेले सापडते. सापडले तर ते फेकू नका. पेटी घरात कधी आली, कोणाच्या नावावर होती, हे त्यावरूनच कळते.

आता आवाजाकडे वळू. लाऊडस्पीकरचे तत्त्व अगदी साधे. एक कागदी शंकू, त्याच्या टोकाला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, आणि ते वेटोळे लोहचुंबकाच्या फटीत अधांतरी. वेटोळ्यातून वीज पुढेमागे वाहिली की ते पुढेमागे सरकते, शंकूला ढकलते, शंकू हवेला ढकलतो. ह्या रचनेला आजचे रूप अमेरिकेतल्या राइस आणि केलॉग ह्या दोघांनी १९२५ साली दिले, आणि शंभर वर्षे झाली तरी तुमच्या मोबाईलपासून जत्रेतल्या भिंतीएवढ्या स्पीकरपर्यंत बहुतेक ठिकाणी हेच चालते.

मग पेटी कशाला? पुष्कळांना वाटते की तंबोऱ्याला जसा भोपळा, तशी स्पीकरला पेटी. हे खरे नाही, आणि इथेच सगळी गंमत आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा स्वतः घुमला पाहिजे. तारेचा आवाज तो मोठा करतो, त्याला आपला रंग देतो. स्पीकरच्या पेटीने मात्र होता होईल तो गप्प राहायचे असते. तिचे काम निराळे आहे. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर नुसता टेबलावर ठेवला तर पुढची दाबलेली हवा कडेने वळसा घालून मागच्या पोकळीत शिरते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. विशेषतः खर्जाचा आवाज असा मरतो, कारण त्याच्या लाटा लांब असतात. सेकंदाला शंभर कंपनांचा स्वर घेतला तर त्याची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांबीची, म्हणजे खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीइतकी. पेटीची पुढची फळी आणि बाजू ह्या लाटेला लांबचा वळसा घालायला लावतात. वळसा जितका लांब तितका खर्ज टिकतो. म्हणून मोठ्या पेटीचा आवाज भरदार, आणि पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या लहान डबीचा किनरा.

शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे. जुना एखादा सुटा स्पीकर वाजता ठेवा. नंतर त्याच्याएवढे भोक पाडलेला मोठा पुठ्ठा त्याच्या तोंडाशी धरा. आवाज एकदम जाड होतो. मुलांना लाट, कंपन, माध्यम हे शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा ही दोन मिनिटे जास्त कामाची.

लाकूडच का, ह्याचेही कारण हेच. पत्रा झणझणतो, लाकूड कंपन जिरवते. जुन्या पेट्यांत बहुधा जाड प्लायवुड असून वर सागवानाचा किंवा शिसमाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असे. पाठीला भोकांचे पुठ्ठ्याचे झाकण असते, ते उगीच नव्हे. आतल्या व्हॉल्व्हची उष्णता त्यातून बाहेर पडते, शंकूच्या मागची हवा मोकळी राहते, आणि उंदीर आत जात नाही. हे झाकण हरवलेल्या पेटीत उंदराचे घरटे नसले तर नवल. रेडिओ भिंतीला चिकटवून ठेवू नये, चार-पाच बोटांचे अंतर राखावे.

आपल्या गावाला भवानीचा गोंधळ आणि संबळ ह्यांची सवय आहे. संबळाची दोन तोंडे सारखी नसतात. लहान तोंड उंच बोलते, मोठे तोंड खाली. स्पीकरचेही तसेच. आठ इंची शंकूला खर्ज सोपा जातो, पण टाळांची किणकिण अवघड. म्हणून मोठ्या रेडिओत आणि पुढच्या काळातल्या लाकडी स्पीकर-पेट्यांत एक मोठा आणि एक लहान असे दोन स्पीकर असतात आणि मध्ये एक कंडेन्सर बसवलेला असतो, तो खर्ज अडवून लहान स्पीकरकडे फक्त वरचे स्वर सोडतो. अशा जुन्या पेटीतून टाळ, झांज, 'स'चा उच्चार हे मंद झाले असतील, तर स्पीकरला दोष देण्यापूर्वी हा एक कंडेन्सर बदलून पाहावा. थोड्या पैशांचे काम आहे. दोन स्पीकर असतील तर दोघांचे शंकू एकाच वेळी पुढे सरकतात का, हेही पाहावे. टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की कळते. एक पुढे आणि एक मागे जात असेल तर एकाच्या तारा उलट जोडल्या आहेत, आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे दोघे एकमेकांचा खर्ज खात आहेत.

सेलची हीच युक्ती मुक्या स्पीकरची नाडी पाहायलाही चालते. टोकांना सेल टेकवताच 'टक्' असा आवाज आला तर वेटोळे जिवंत आहे. खरखर आली, किंवा शंकू बोटांनी हलकेच दाबल्यावर घासल्यासारखे वाटले, तर वेटोळे फटीत घासते आहे. धूळ शिरली असेल किंवा शंकू ओलीने वाकला असेल. शंकू फाटला असेल तर घाबरू नये. पतंगाचा पातळ कागद आणि पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल ह्यांनी लहान भेग छान सांधते. जाड कागद, एम-सील, कापडी पट्टी लावू नका. शंकू जड झाला की आवाज मेला. आणि हौसेने चुंबक खोलून पाहू नका. त्या काळचे चुंबक अल्निको नावाच्या मिश्रधातूचे असतात. त्यांच्याभोवतीचे लोखंडी कडे वेगळे केले की त्यांचा जोर कमी होतो आणि परत जोडल्यावरही तो आपोआप भरून येत नाही.

चाळीसच्या दशकातल्या किंवा त्याहून जुन्या काही पेट्यांत तर कायमचा चुंबक नसतोच. तिथे तारेचे एक मोठे वेटोळे असते, रेडिओतली वीज त्यातून जाते आणि तेच चुंबक बनते. हे वेटोळे रेडिओच्या विजेतली घरघर गाळण्याचे कामही करते. म्हणून असा स्पीकर काढून बाजारातला नवा स्पीकर तसाच जोडला तर रेडिओ चालणार नाही. वेटोळ्याच्या जागी तेवढ्याच अवरोधाचे काहीतरी बसवावे लागते. हे कारागिराला आधीच सांगा. तरुण कारागिरांपैकी अनेकांनी असा स्पीकर पाहिलेलाच नसतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ही मी सावकाश सांगतो. जुना रेडिओ सापडला की आपला पहिला उद्योग काय असतो? पिन खोचायची आणि लागतो का पाहायचे. हे करू नका. ह्यात दोन धोके आहेत. एक रेडिओला, एक माणसाला.

रेडिओचा धोका असा. आतले मेणकागदाचे आणि रसायनाचे कंडेन्सर पन्नास-साठ वर्षांत सुकलेले, फुटलेले असतात. त्यातला एक, शेवटच्या व्हॉल्व्हच्या आधीचा, गळू लागला की तो व्हॉल्व्ह लालबुंद तापतो आणि स्पीकरचा लहान ट्रान्सफॉर्मर जळतो. एका मिनिटाच्या उत्सुकतेपायी नग कायमचा जातो. म्हणून कारागिराकडून प्रथम हे कंडेन्सर बदलून घ्यावेत. हीच ह्या पेट्यांची खरी सुधारणा, बाकीची बहुतेक हौस. त्यानंतर पहिल्यांदा वीज देताना ओळीत ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा जोडून द्यावी. आत काही शॉर्ट असेल तर दिवा भक्कन पेटतो आणि रेडिओ वाचतो. एलईडी दिवा ह्या कामाला चालत नाही. तसेच स्पीकरची तार सुटलेली असताना व्हॉल्व्हचा रेडिओ चालू ठेवू नये. त्यानेही तोच ट्रान्सफॉर्मर फुंकला जातो.

माणसाचा धोका ह्याहून मोठा. जुन्या रेडिओंपैकी बरेच एसी-डीसी जातीचे आहेत. कुठे एसी वीज, कुठे डीसी, म्हणून दोन्हींवर चालावा असा तो रेडिओ. त्यात मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि आतला पत्र्याचा सांगाडा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. पिन उलटी बसली की सगळ्या सांगाड्यात २३० व्होल्ट. बाहेरची लाकडी पेटी आणि बेकलाईटची बटणे हेच काय ते संरक्षण. एखादे बटण निघाले आणि खालचा पितळी दांडा उघडा पडला, की पोराचे बोट नेमके तिथेच जाते.

हा रेडिओ ओळखायचा कसा? आतल्या व्हॉल्व्हवर इंग्रजी अक्षरे छापलेली असतात, त्यातले पहिले अक्षर वाचा. 'यू'ने सुरू होणारी नावे, उदाहरणार्थ यूसीएच ८१, यूएल ८४, दिसली तर तो एसी-डीसी समजा आणि त्याला हात लावू नका. 'ई'ने सुरू होणारी, ईसीएच ८१, ईएल ८४ अशी असली तर बहुधा आत ट्रान्सफॉर्मर आहे. हा तुलनेने सुरक्षित. तरीही आत अडीचशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ साठून राहतात. 'डी'ने सुरू होणारी, डीके ९६, डीएल ९६ अशी असली तर तो बॅटरीचा रेडिओ. वीज नसलेल्या खेड्यांत हेच चालत. त्यांच्या ९० व्होल्टच्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत, पण नऊ व्होल्टच्या दहा लहान बॅटऱ्या ओळीने जोडल्या की ९० व्होल्ट होतात, आणि दिवे पेटवायला दीड व्होल्टचा एक सेल पुरतो. जोडताना दोन्हींची अदलाबदल मात्र झाली तर सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जातात.

हे सांगण्याचे कारण, हल्ली मुले मोबाईल घेऊन येतात आणि म्हणतात, सर, मागे ग्रामोफोनसाठी दोन भोके आहेत, त्यात मोबाईल जोडू का? पुष्कळ रेडिओंना पाठीमागे अशी सोय असते हे खरे, आणि ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओला, कारागिराने तपासल्यावर, ती वापरता येते. गाणे छान लागते. परंतु एसी-डीसी रेडिओला अशी तार जोडणे म्हणजे मोबाईल, तार आणि कानातल्या गोळ्या सगळे घरच्या विजेला जोडणे. त्याला मधे अलगीकरण ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. शाळेत ठेवायचा रेडिओ ह्या जातीचा असेल तर मी सांगेन, तो वाजवूच नका, पाठ उघडी करून काचेआड ठेवा आणि मुलांना आतली रचना दाखवा.

शहरांतून हल्ली एक धंदा निघाला आहे. जुनी पेटी घ्यायची, आतला सगळा जीव काढून टाकायचा, ब्लूटूथचा तुकडा बसवायचा आणि दहापट भावाने विकायची. गावोगाव फिरून पेट्या उचलणारे लोकही दिसतात. आतली यंत्रे पूर्ण असताना असे करणे मला पटत नाही. पण आत गंजलेला सांगाडाच उरला असेल, व्हॉल्व्ह गेलेले असतील, तर पेटी चुलीत जाण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. फक्त दोन अटी. पुढच्या फळीत नवे भोक पाडू नये, आणि मूळचा स्पीकर ठेवावा. त्या जुन्या स्पीकरला चार-पाच वॅटच वीज लागते. व्हॉल्व्हचा रेडिओ ह्याहून जास्त देतच नसे, म्हणून ते स्पीकर थोडक्यात मोठे बोलणारे बनवलेले असत. त्यांना पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायर जोडला तर वेटोळे जळेल. शिवाय अनेक जुन्या स्पीकरचा अवरोध ३ ओहमच्या आसपास असतो, आजचे ॲम्प्लिफायर ४ किंवा ८ ओहम मागतात. हे जुळवून घ्यावे.

लाकडाची निगा सोपी, पण तीत घाई नडते. पाण्याने पुसू नये. वरची चकाकी बहुधा चपडा लाखेच्या पॉलिशची असते. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावा, चिकट झाले तर लाख समजा. मग जुने खरवडून काढण्याऐवजी सुताराकडून त्यावरच लाखेचे दोन पातळ हात मारून घ्यावेत. ऑइलपेंट आणि सनमायका यांनी किती सुंदर पेट्यांचा घात झाला ते मोजायला नको. पापुद्रा उचकटला असेल तर, जुना सरस उष्णतेने मऊ होतो म्हणून, ओलसर फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवावी आणि वर वजन ठेवावे. पुष्कळदा तो तसाच बसतो. पिठासारखी बारीक पूड खाली पडत असेल तर आत भुंगा आहे. स्पीकर आणि सांगाडा बाहेर काढून, सुतार वापरतात ते औषध सुईने भोकाभोकांत सोडावे.

आपल्याकडचा उन्हाळा लाकडाला पावसाळ्यापेक्षा वाईट. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात फळी आकसते आणि पापुद्रा तडकतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत पेटी ठेवू नये, जमिनीवर तर नाहीच. १९९३ च्या सप्टेंबरातल्या भूकंपात आपल्या जिल्ह्यातल्या आणि लातूरच्या कितीतरी गावांतली दगडमातीची घरे पडली. घरांबरोबर अशा वस्तूही गेल्या. उरल्यासुरल्या आहेत त्या थोड्या.

पुढचे कापड धुवायला काढू नका, ते विरलेले असते. मऊ ब्रशने झाडा. बदलायचेच तर विरळ विणीचे घ्या. तोंडाशी धरून फुंकर घातली की सहज पार गेली पाहिजे. आणि काचेच्या पट्टीवरची गावांची नावे आतल्या बाजूने छापलेली असतात. ओल्या फडक्याचा एक हात, की मुंबई आणि सिलोन दोन्ही फडक्यावर. आतून ती काच पुसूच नये.

रेडिओ लागला तर काय ऐकाल, हा प्रश्न रास्त आहे. जुन्या पेट्या मध्यम लहरी आणि लघुलहरी पकडतात, एफएम बहुधा नाही. आणि अलीकडच्या वर्षांत मध्यम लहरींची बरीच प्रक्षेपणे बंद झाली आहेत. म्हणून रात्र पडल्यावर पाहा, तेव्हा लांबची केंद्रे येतात. घरातले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर काढून ठेवा, अर्धी खरखर त्यांचीच असते. वीस-तीस फूट तार विजेच्या तारांपासून दूर, अंगणात ताणून एरियल करा. वळवाचा पाऊस गडगडू लागला की ती तार रेडिओपासून सोडवून घराबाहेर टाकावी.